मास्तरांची बिनब्रेकची सायकल

मास्तरांनी आयुष्यात गाडी चालवली थोडी, थांबवली फार. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक शटर, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी टपावर पाटी लावलेली एक छोटी गाडी. या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक होते. तिथे मास्तर बसत. निम्मं शहर त्यांच्या त्या ब्रेकखालून गेलेलं. बँकेचे मॅनेजर, दातांच्या डॉक्टरीणबाई, शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांनी भर चौकात मास्तरांची बोलणी खाल्ली आहेत. आजही मास्तर फुटपाथवर दिसले की या मंडळींची गाडी आपोआप हळू होते आणि पट्टा लावलाय की नाही हे एक हात चाचपून बघतो.

पहिल्या दिवशीच्या घाबरट विद्यार्थ्यासाठी मास्तरांची खास पद्धत होती. खालून आपल्या पायांनी क्लच-ब्रेक सगळं सांभाळायचं आणि वरून खिडकीबाहेर बघत म्हणायचं, "कोण चालवतंय गाडी? मी? माझे हात बघ कुठेत. मांडीवर." विद्यार्थी घरी जाऊन सांगे, पहिल्याच दिवशी बाजारातून काढली. मास्तर त्याला कधी खोटं पाडत नसत.

आणि एक नियम होता. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. "दिसेनाशी झाली, म्हणजे तू तिच्या डिकीत जाऊन बसलास असं समज."

सगळं शहर शिकलं, पण मास्तरांचा मुलगा शिकला नाही. तिसऱ्या का चौथ्या धड्याला तो भर रस्त्यात गाडी थांबवून उतरला आणि म्हणाला, "तुम्हीच चालवा, तसंही तुम्हीच चालवताय." मास्तर गाडी घेऊन घरी आले, चिरंजीव पायी आले. रहदारी अशी होती की दोघं दारात एकदमच पोचले आणि एकमेकांशी न बोलता जिना चढले. पुढे चिरंजीवांनी सायकल धरली, मग लांबच्या शहरात नोकरी धरली. फोनवर बापलेकांचं संभाषण ठरलेलं: "कसा आहेस?" "बरा. तुम्ही?" "बरा. आईला देतो."

मग एका सकाळी शिकवणी चालू असताना एक हातगाडी बाजूच्या गल्लीतून आडवी आली आणि गाडी कच्चकन थांबली. ब्रेक मास्तरांनी मारला नव्हता, शिकणाऱ्या मुलीने मारला होता. मास्तरांना हातगाडी दिसलीच नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रापुढे बसवलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं, "मधल्या ठिपक्याकडे बघा. बाजूला दिवा लागला की दाबा." मास्तर शहाण्या मुलासारखे बटण धरून बसले. बराच वेळ बसले. मग डॉक्टर म्हणाले, "झालं, मास्तर."

"अहो पण सुरू कधी झालं?"

काचबिंदू होता, मुरलेला. गेलेली नजर परत यायची नव्हती; उरलेली थेंब घालून टिकवायची, टिकेल तेवढी. वर्तमानपत्राची सुरळी करून डोळ्याला लावावी तसं मास्तरांना दिसत होतं, आणि सुरळी दिवसेंदिवस आवळत जाणार होती.

परवाना गेला, शटर गेलं, गाडी गेली. मास्तर खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागले आणि खालून जाणाऱ्या गाड्यांचे नुसते आवाज ऐकून म्हणू लागले, "गाढव. चढाला दुसऱ्यात टाक ना." बायकोने काही दिवस ऐकून घेतलं. मग तिने मुलाला फोन केला आणि पहिल्यांदाच "बाबांना देते" न म्हणता बराच वेळ एकटीच बोलली.

महिन्याभरात चिरंजीव एक खोकं घेऊन आले. सोबत स्वतःची जुनी सायकल. खोकं मायलेकांनी मिळून उचलताना बाई म्हणाल्या, "यात इंजिन आहे का रे?"

"स्मार्ट ट्रेनर आहे, आई. बाबा घरात बसून सायकल चालवतील."

त्याने सायकलचं मागचं चाक काढलं, ती त्या यंत्रावर बसवली, साखळी लावली आणि चाक पलंगाखाली सरकवून दिलं.

"अरे चाक राहिलं की बाहेर."

"ते लागत नाही."

"सायकलला चाक लागत नाही," बाईंनी स्वतःलाच सांगून पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

समोर टीव्ही. टीव्हीत एक अख्खं जग: रस्ते, पूल, समुद्र, एक उंच डोंगर. त्या जगात जगभरातली माणसं आपापल्या घरात बसून सायकली मारत होती. रस्ता चढू लागला की यंत्र पायडल जड करी, उतार आला की हलकं. मुलाने खाली चटई घातली, पंखा सायकलकडे रोखला, हँडलवर टॉवेल टाकला आणि माहिती भरायला बसला.

"वजन?"

मास्तरांनी सांगितलं.

"खरं सांगा," स्वयंपाकघरातून आवाज आला. आकडा वाढला.

मग पडद्यावरचे मास्तर घडवायचे होते. मुलाने भराभर बटणं दाबली आणि एक दाट केसांचा, रुंद खांद्यांचा गडी उभा राहिला. बाई हात पुसत येऊन बघून गेल्या. "लग्नातसुद्धा एवढे नव्हते," म्हणाल्या.

मास्तर चढले, पण निघेनात. सीट ठीक केली, पाय टेकवून पाहिले आणि मग विचारलं, "आरसा?"

"बाबा, इथे आरसा कशाला? मागे भिंत आहे."

"आरसा लावल्याशिवाय मी कुणाला निघू दिलेलं नाही."

दाढीचा आरसा हँडलला बांधण्यात आला. त्यात मागे मटार सोलत बसलेली बायको दिसे. वळण आलं की मास्तर तिच्याकडे एक नजर टाकत, हात दाखवत आणि मग वळत. सायकल तसंही आपली आपणच वळत होती, ती गोष्ट वेगळी.

पहिलाच चौक आला आणि मास्तरांनी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. काहीही झालं नाही. मागचं चाकच नव्हतं तर थांबणार काय? पडद्यावरचा दाट केसांचा गडी ऐटीत चौकात शिरला, आडवी येणारी एक बाई त्याच्या पोटातून शिरून पाठीतून निघाली आणि आपल्या वाटेने गेली.

मास्तर उतरले. घोटभर पाणी प्यायले.

"अहो, काय झालं?"

"आरपार गेली. हॉर्न नाही, इशारा नाही."

"लागलं तर नाही ना कुणाला," बाई म्हणाल्या. मास्तरांचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं.

मुलगा परत गेला तरी रविवार सकाळ ठरून गेली. तो तिकडे आपल्या खोलीत तसल्याच यंत्रावर, हे इकडे यांच्या, आणि स्टुलावर उघडा ठेवलेला फोन. गंमत अशी, की पाय हलू लागले तशी दोघांची तोंडंही हलू लागली. साहेब बदलल्याचं, भात करपल्याचं, घरमालकाने नळ दुरुस्त न केल्याचं मुलगा धापा टाकत सांगे. समोरासमोर बसून जे कधी जमलं नव्हतं ते असं, एकाच दिशेला तोंड करून, जमत होतं. बाई मटार सोलता सोलता ऐकत आणि मुद्दाम सावकाश सोलत.

अडचण एकच होती. मास्तर मागे पडत.

"बाबा, माझ्या मागे चिकटून या. इथे वाऱ्याचाही हिशेब असतो. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की कमी जोर लागतो."

"तू करकचून थांबलास तर?"

"मला थांबताच येत नाही, बाबा. तुम्हालाही येत नाही."

"मागून ठोकलं तर चूक मागच्याची."

"इथे ठोकत नाही हो. आरपार जातं."

"आरपार जातं म्हणून जायचं का?"

मास्तर त्याच्या सायकलचं मागचं चाक रस्त्याला टेकलेलं दिसेल एवढं अंतर राखून, सगळा खोटा वारा खऱ्या छातीवर घेत चालवत. मुलगा पुढे जाई, रेंगाळे, परत पुढे जाई.

तो उंच डोंगर होता ना, त्याच्या माथ्यावर एक मनोरा होता. मुलगा एकदा सहज म्हणाला, "आपण दोघं वर जाऊ एकदा." तेवढ्यावरून मास्तरांनी मनाशी धरलं. डोळे आहेत तोवर एकदा मुलाच्या बरोबरीने, आपल्या पायांनी तो घाट चढायचा. दुसरं काही त्यांना नको होतं. रविवार सोडून इतर दिवशीही ते सराव करू लागले. घामाने चटई भिजे. खालच्या मजल्यावरचे विमावाले विचारून गेले, की पिठाची गिरणी काढलीत का.

पण पाय तयार होत होते तशी सुरळी आवळत होती. आधी आरशातली बायको गेली. मग शेजारून चालणारा मुलगा दिसेनासा झाला. तो समोर आला तरच दिसे. त्याने पडद्यावर अंगात भडक पिवळा सदरा चढवला आणि तो नेमका पुढे राहू लागला. डॉक्टरांच्या यंत्रापुढे बसायची वेळ आली की मास्तर आता बटण मांडीवरच ठेवून बसत.

एका रविवारी घाट जमला. अर्ध्यावर आले तरी पिवळा सदरा समोर होता, पाऊण झालं तरी होता. बाईंनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं. मास्तरांच्या पायांत गोळे आले, त्यांनी जोर कमी केला. सदरा तिथेच. त्यांनी आणखी कमी केला, मग पाय नुसते फिरवले. सदरा हातभरही पुढे गेला नाही. मनोरा आला.

"पोचलो, बाबा," फोनमधून मुलगा ओरडला. "जमवलंत की."

मास्तर श्वास खाली बसेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "हात कुठेत रे तुझे? मांडीवर?"

पलीकडची पायडलची घरघर थांबली.

"एक सोय असते यात," मुलगा शेवटी म्हणाला. "ती लावली की सगळे एकत्र राहतात. कुणी हळू मारलं, कुणी जोरात मारलं तरी."

"चांगली सोय आहे."

"राग आला?"

"छे रे. मी जन्मभर तेच केलं. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र कळत नसे."

"काढून टाकू?"

"काढ."

बाई म्हणाल्या, "राहू दे ना. कुणाचं काय बिघडतंय?" पण मास्तर टॉवेलने तोंड पुसत होते आणि बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतरचे रविवार काही खरे नव्हते. मुलगा रेंगाळे, थांबे, वर जाऊन खाली येई. त्याचे मित्र तिकडे दुसऱ्या रस्त्यावर त्याची वाट बघत असत, हे तो सांगत नसे, पण त्याच्या फोनची टुणटुण इकडे ऐकू येई. डॉक्टरांनी थेंब बदलले आणि पुढची तारीख लवकरची दिली. मास्तरांना आता टीव्हीच्या मधोमध ताटलीएवढं जग दिसे, तेही धुरकट.

एका रविवारी निघताना मास्तर म्हणाले, "आज चिकटून येतो." जन्मात कुणाला न दिलेली परवानगी त्यांनी स्वतःला दिली. चाकाचा नियम सोडला आणि त्या पिवळ्या पाठीवर नजर रोवून ते निघाले. खरंच कमी जोर लागत होता. पहिली वळणं छान गेली. बोलायला दम पुरत नव्हता म्हणून दोघं गप्प होते.

मधल्या चढावर पिवळा सदरा निसटला. मास्तरांनी जीव काढून पायडल मारलं आणि थोड्या वेळाने ताटलीत पुन्हा पिवळं दिसलं. ते त्याला चिकटले.

बाईंनी टीव्हीकडे पाहिलं. सदरा पिवळा होता, पण त्याच्या डोक्यावर तरंगणारं नाव मुलाचं नव्हतं. कुठल्याशा परक्या लिपीतलं होतं. इतक्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा निरोप: "आई, मी वर पोचलो. मंडळी खोळंबलीत, त्यांच्यात जातो. फोन ठेवलाय. बाबांना सांग, मस्त चालवताय."

स्टुलावरचा फोन काळा पडला होता.

"अंतर ठीक आहे ना रे?" मास्तरांनी फोनला विचारलं.

बाईंनी निरोप पुन्हा एकदा वाचला. "त्याला दम लागलाय," त्या म्हणाल्या. "बोलायला लावू नका त्याला."

"बरं बरं." मास्तर मान खाली घालून मारत राहिले. नंतर हळूच, फोनला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "बघितलंस? सोडला नाही त्याला."

"बघितलं."

वळणावर त्या परक्या माणसाने वेग वाढवला आणि तोही गेला. चढ अजून बराच होता. बाई उठून मास्तरांच्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"आहे का गं पुढे?"

"आहे."

"मला नाही दिसत."

"मला दिसतोय ना," बाई म्हणाल्या. रस्त्यावर कोणीच नव्हतं. मास्तर पायडल मारत राहिले.