वायुवीराचा पदर

स्वारगेटहून साताऱ्याच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत पांढरे सुती हातमोजे होते. जुन्या कागदाला घामट हात लावू नयेत म्हणून! मी कुणी तज्ज्ञ नव्हे, बँकेतला निवृत्त कारकून. पण लहानपणी ‘वायुवीर’ ही चित्रकथा वाचली आणि उरलेला जन्म तिचे अंक गोळा करण्यात घालवला. आष्ट्यातल्या एका घरगुती छापखान्यातून निघणारे हे अंक एसटी स्टँडवर मिळायचे. आता एक प्रकाशक मित्र ते पुन्हा छापायला तयार झाला होता. अडलं होतं ते फक्त चित्रकार ‘सु. बा.’ यांच्या लेखी परवानगीसाठी. छापखान्याच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं, तर महिन्यापूर्वी चक्क उत्तर आलं: ‘चित्रं आम्हीच काढायचो. कधीही या. सु. बा.’ त्या भारदस्त ‘आम्ही’वरून मी मनातल्या मनात सरांना मिशासुद्धा लावून टाकल्या.

साताऱ्यात सरांसाठी कंदी पेढे घेतले. स्टँडवरच्या पुस्तकवाल्याला ऐटीत मोजे घालून अंक दाखवला. त्यानं अंकाकडे पाहिलंच नाही. “हाताला भाजलंय व्हय?” म्हणाला. मी मोजे काढून खिशात कोंबले.

साताऱ्यातून आष्ट्यावरून जाणारी सांगलीची गाडी धरली. कराड मागे पडलं, मलकापूर गेलं, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला आणि मला डुलकी लागली. जाग आली ती थेट सांगलीत! आष्टा कधीच मागे राहिलं होतं. उलटी गाडी पकडली आणि भडंग (तिखट मसाल्याचे कुरमुरे) खात अंक चाळत बसलो. तिसऱ्या अंकावर माझं तेलकट बोट लख्ख उमटलं. मोजे खिशातच होते.

आष्ट्यात पत्रावरच्या पत्त्याच्या घरी पोचलो, तर सोप्यात (पुढच्या ओसरीत) सत्तरीतल्या एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सर आहेत का, विचारलं. त्यांनी बसायला सांगितलं. भिंतीवर हार घातलेला फोटो. मिशा अगदी मी लावल्या होत्या तशाच.

“मालक (पती) जाऊन सहा वर्सं झाली,” बाई म्हणाल्या.

सु. बा. गेले! मी त्यांच्या कलेवर बरंच बोललो. प्रस्तावनेचं एक पानही वाचून दाखवलं: वायुवीर आपला झगा कमरेला खोचतो त्यात रोमन योद्ध्यांचा प्रभाव दिसतो, वगैरे. बाईंचे हात थांबले.

“पदर हाय त्यो,” त्या म्हणाल्या. “खोचल्याबिगर काम सुचतंय व्हय?”

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. मग कधीतरी आठवलं, की पत्र गेल्या महिन्यातलं आहे.

“मग मला पत्र कुणी लिहिलं?”

“आमी.”

“आणि चित्रं?”

“तीबी आमीच. सुमन बाळासाहेब.”

इकडच्या बायका स्वतःलाही ‘आमी’ म्हणतात, हे या पुणेकराला कोण सांगणार! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

बाईमाणसानं काढलेला वीर पोरं विकत घेणार नाहीत, असं मालकांचं म्हणणं. म्हणून नुसती आद्याक्षरं. पुढं लोक मालकांनाच चित्रकार समजू लागले. गावानं शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला आणि मालक गप्प राहिले. त्याही राहिल्या.

“आता नाव छापलं तर गाव मालकांना खोटं म्हणंल,” त्या म्हणाल्या. “न्हाई छापलं तर आमी हुतो ह्येच कुणाला कळायचं न्हाई.”

मला फार वाईट वाटलं. परवानगीचा कागद पिशवीतून काढायचं धाडस होईना.

त्यांनी आधी जेवू घातलं. भाकरी, भरलं वांगं आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). खर्ड्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. निदान मी तसं सांगितलं. जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच कागद मागितला, दोनदा वाचला आणि फोटोकडे वळल्या.

“आवं, लय वर्सं गप बसलो,” त्या म्हणाल्या. “आता न्हाई.”

त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात पुरं नाव लिहिलं. मला बजावलं, की छापखाना मालकांचा होता तेही लिहा, छपाईचा खिळा न् खिळा (शिशाचं अक्षर) त्यांच्या हातानं जुळवलेला असायचा. मी मान डोलावली.

परतीच्या गाडीत प्रस्तावना मांडीवर घेऊन दुरुस्त्या करत बसलो. रोमन योद्धे खोडले. पानोपानी ‘ते’चं ‘त्या’ केलं. चाळीस वर्षं भिंग लावून एकेक रेघ पाहिली आणि ती काढणारं माणूस कोण, हा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

घरी पोचलो. बायकोनं दार उघडत विचारलं, “मग, भेटले का तुमचे सु. बा.?”

“भेटल्या,” मी म्हणालो.