पळस पोशीरचा, साग खालापूरचा

गोपाळदादा गेल्याचं मला कर्जतच्या बाजारात कळलं, सुकट घेताना. सुकटवाली पोशीर गावची. वजन करता करता म्हणाली, "तुमचा नाकतोडेवाला गेला की. माथेरानला रिक्षा ओढून छाती पार गेली व्हती." तुमचा... सुकट तिथेच विसरून मी घरी आले. आज महिन्याने लिहिते आहे, कारण माझी एक चूक अजून त्याच्या नावावर आहे.

पोशीरला माझ्या मावशीच्या शेजारी तो राहायचा. सत्तरच्या दशकात मी मुंबईत नाकतोड्यांच्या गुणसूत्रांवर प्रबंध करत होते. गुणसूत्रांना एका पद्धतीने रंग दिला की काही जागी गडद पट्टे उमटतात. तिथे आनुवंशिक मजकुराचा एकच बारीकसा तुकडा हजारो वेळा ओळीने लागलेला असतो. पोशीरच्या आणि खालापूरच्या नाकतोड्यांत हे पट्टे वेगळे असतात का, एवढंच मला पाहायचं होतं. पकडायचं काम गोपाळदादाचं. त्याला लिहिता येत नसे, म्हणून पोशीरचे नाकतोडे तो पळसाच्या पानांत बांधायचा आणि सायकलवर जाऊन आणलेले खालापूरचे सागाच्या.

"त्येच त्येच हजार येळा? कशाला लागतं गं?" त्याने एकदा विचारलं. अजून कुणालाच ठाऊक नाही, म्हटलं.

"आमच्या घरात इचार. तिला म्हाईत असंल."

चुलीपाशी बसलेली वहिनी म्हणाली, "एकदा सांगून ऐकलं असतं, तर हजारदा कशाला बोलले असते?"

आमचे सर त्याला प्रयोगशाळेत कायमचं घेणार होते. वहिनीने गावभर सांगूनही टाकलं होतं. त्याच वर्षी कर्जतच्या घरी माझ्या एका पिंजऱ्याची जाळी उंदराने कुरतडली. मी दोन्हीकडचे नाकतोडे दोन दिवस एकाच पिंजऱ्यात ठेवले. पानं केव्हाच फेकली होती. मुंबईला नेताना अंदाजाने वेगळे केले. आधीच्या खेपांत टोकाजवळचा पट्टा फक्त पोशीरच्यांत दिसायचा. आता दोन्हीकडे कुठे होता, कुठे नव्हता. सरांनी कारण विचारलं. मी म्हणाले, "पकडणारा अडाणी आहे सर, त्याने मिसळले असतील." मला कुणी दटावलंही नव्हतं. सहज बोलून गेले.

त्याचं काम बंद केल्याचं पत्र सरांनी माझ्याच हाती दिलं. वाचूनही मीच दाखवलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द आला तेव्हा त्याने थांबवलं. "मंजे काय?" मी अर्थ सांगितला. "पळस आन साग मला वळखता येत नाय, असं म्हनतो तुजा सर?"

एक वाक्य पुरलं असतं... मी पत्राची घडी घातली.

पुढे गावातली पोरं कुठलंही पान तोडून विचारत, "दादा, ह्यो पळस का साग?" वर्षभरात तो माथेरानला हातरिक्षा ओढायला गेला. 'संकलकाच्या चुकीमुळे एक खेप वगळली' हे वाक्य माझ्या प्रबंधात आहे. त्याच प्रबंधावर मला कॉलेजात नोकरी लागली. एकदा सहलीच्या मुलींना घेऊन माथेरानला गेले होते, तेव्हा तो चढावर दिसला, मान खाली, रिक्षात दोन माणसं. मी चपलांच्या दुकानात शिरले.

गेल्या आठवड्यात पोशीरला गेले आणि वहिनीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. "तेवा सांगायला पायजे व्हतंस," एवढंच म्हणाली.

निघताना मोसंब्यांची पिशवी पुढे केली. तिने घेतली नाही. शेजारणीला हाक मारली, "तारे, जरा ये गं." शेजारीण आली, तशी वहिनीने एकेक मोसंबं काढून तिच्यासमोर ओटीवर मांडलं.

"दादाची सवय," शेजारीण मला समजावत म्हणाली. "त्या पत्रापासनं कुनाची वस्तू साक्षीबिगर हातात घेत नव्हता. माथेरानला लोक हसायचे."

"सा हायत," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली. "बराबर?"

मी हो म्हटलं. मग तिने मोसंबी पुन्हा भरून पिशवी घेतली.