छातीच्या वर लाल

मी तिसरीतून शाळा सोडली. पण माझ्या हातची भिंत कधी नापास झाली नाही, हे गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी कुणालाही ठणकावून सांगायचो.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात आम्ही सुकवणीची खोली बांधली होती. रंगवलेले टॉवेल तिथं गरम हवेवर वाळतात. ऊब बाहेर पळू नये म्हणून भिंत दुहेरी. आतली मी चढवली, बाहेरची माझ्या जोडीदारानं. मधल्या चार बोटांच्या फटीत ऊब अडवणाऱ्या ग्लासवूलच्या गाद्या बसवायचं काम त्याचं. आमच्यात एक रीत होती. जोडीदाराची भिंत ठोकून बघायची नाही. ठोकली म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं. तीस वर्षं एकाच घमेल्यातला माल वापरला, एकदाही ठोकलं नाही.

आठ वर्षांनी शेठचं बोलावणं आलं. सकाळीच गेलो. बॉयलरला जळण पुरेना म्हणून त्यानं एक इंजिनियर पोरगी आणली होती. तिच्या हातात ड्रिल मशिनीएवढा कॅमेरा.

"आजोबा, इकडं बघा."

कॅमेऱ्याच्या काचेवर आमची भिंत बाहेरून दिसत होती. खालून छातीपर्यंत निळी, वर लालभडक. मधली रेघ अगदी सरळ.

"लाल दिसतंय तिथून ऊब बाहेर येतेय. वर आत काहीच भरलेलं नाही."

"बाई, सोलापूरचं ऊन हाय. भिंत तापणारच की!"

"ही सावलीची बाजू आहे आजोबा. अजून ऊन आलंय कुठं?"

शेठ हसला. ते हसणं मला झोंबलं.

"फोडा भिंत," मी म्हटलं. "पोकळ निघाली तर आजपासून थापी धरणार न्हाय."

"मिस्त्री, राहू द्या. वयाला शोभत नाही."

छिन्नी मीच मारली. डोक्याच्या उंचीवरची वीट निघाली आणि झळ तोंडावर आली. कोपरापर्यंत हात घातला, खाली चाचपलं. बोटांना गादीची कड लागली. नीट कापलेली. वर नुसती गरम हवा.

"गाद्या कुणी बसवल्या होत्या?" शेठनं विचारलं.

"भिंत माझी हाय," मी म्हटलं, आणि थापी तिथंच ठेवून निघालो.

थेट जोडीदाराच्या घरी गेलो. त्याचं घर पत्र्याचं, खाली प्लायवूडचं छत ठोकलेलं. भर मे महिन्यात गावभर पत्रे तडतडायचे, पण त्याच्याकडं गार. काम नसलं की दुपारी मी तिथंच आडवा व्हायचो. "पत्र्याखाली एवढं गार कसं रे?" विचारलं की म्हणायचा, "दारात कडूलिंब हाय की."

तो शेंगा फोडत बसला होता. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "प्लायवूडच्या वर काय हाय?"

त्यानं वर बघितलं. माझ्याकडं नाही.

"नात तान्ही व्हती तवा," तो म्हणाला. "अंगभर घामोळं. रात न् दिस रडायची."

"मला सांगायचं व्हतंस."

"तुला? तू शेठकडं पळत गेला असतास. तुजी भिंत तुला नातीपेक्षा लाडकी."

"तीस वर्षं मी तुजी भिंत ठोकली न्हाय रे."

"मग ठोकायची व्हतीस!" त्याचा आवाज चढला. "आन् बोलतोस कुणाला? आठ उन्हाळं हितंच घोरलास की. गार लागत व्हतं तवा ग्वाड लागलं व्हय?"

चोरी त्याची, पण झोप मी घेतली होती.

वहिनी पाणी घेऊन आल्या. "भावजी, आत या की. ऊन लई हाय."

"हितंच बरं हाय," म्हटलं. पाणी उन्हात उभ्यानं प्यालो आणि निघालो.

थापी ठेवली ती ठेवलीच. कारखान्याच्या गेटवर आता माझ्या नावानं हसतात. जोडीदार अजून कामावर जातो, त्याला कामं मिळतात, कारण मी तोंड उघडलं नाही. माझ्या घरावरही पत्राच आहे, खाली काही नाही. दुपारी अंथरूण चटके देतं. वहिनींनी दोनदा निरोप धाडला, पडायला तरी या म्हणून.

मी माझ्याच पत्र्याखाली पडतो. झोप काही लागत नाही.