ताईत आणि लाल गोल

आमच्या दवाखान्यातले एक्सरेवाले भाऊ बोलतात कमी, हुकूमच फार सोडतात. "श्वास घ्या, धरा, सोडा." मी तिथली आया, चहाला बोलवायला गेले तरी म्हणतात, "मावशी, आधी श्वास घ्या, मग सांगा."

मागं मला खोकला झाला. गळ्यातलं सगळं काढा म्हणाले, तर मी येडाईचा ताईत गुपचूप पाठीवर सारला. तो का काढायचा असतो? आता एक्सरे डॉक्टरांच्या आधी कॉम्प्युटरमधला एआय तपासतो. त्यानं माझ्या छातीवर लाल गोल काढला. लाल गोल म्हणजे गाठ! मी येडाई देवीचा धावा सुरू केला. भाऊंनी नुसता हात पुढं केला. "मावशी, ताईत." दुसऱ्या फोटोत छाती स्वच्छ!

मग विचारतात कसं, "पहिला फोटो शाळेत दाखवू? नाव पुसतो." नववी-दहावीच्या पोरांना या एआयच्या कामाची ओळख करून द्यायची होती त्यांना. मी बी जाऊन मागच्या बाकावर बसले.

एक पोरगं म्हणालं, "सर, हे पुण्याच्या पोरांचं काम." भाऊंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी फोटो लावला. "कॉम्प्युटर म्हणतो, गाठ आहे. तुम्ही सांगा."

मेंढरंवाल्यांची एक पोरगी उठली. "गाठ न्हाय सर, ताईत हाय. माझी आजी बी असाच पाठीवर सारती."

भाऊ म्हणाले, "कॉम्प्युटरला ताईत कुणी दाखवलाच नाही. तो दाखवायचा, शिकवायचा, हेच ते काम. पुण्याच्या पोरानं ओळखला असता?"

वर्गभर हात वर झाले. भाऊ मात्र श्वास धरून तसेच उभे. शेवटी मीच मागून ओरडले, "सोडा की आता, भाऊ!"