रामटेके आणि त्यांची भिंत

सुखदेव रामटेके विद्यापीठात आमच्या समाजशास्त्र विभागाच्या ग्रंथालयात आले की आधी नळावर हात धूत. बोटांना कोळसा नाहीतर गेरू लागलेला असे. भिंतीवरचं अक्षर वाचताना त्यावरून बोट फिरवायची त्यांची सवय होती. "हात लावल्याबिगर समजत नाही ताई, लिवणाऱ्यानं किती जोर लावला ते," म्हणत.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी ग्रंथपालांची सहायक होते. रामटेके समाजशास्त्रात एम.ए. करून पीएच.डी.च्या नोंदणीसाठी धडपडत होते. वडील गिरणीत. त्यांच्या वस्तीतून शिक्षणात इतकं पुढे गेलेलं दुसरं कोणी नव्हतं. विषय त्यांनीच काढला होता: वस्तीतले लोक भिंतीवर काय लिहितात. सक्करदऱ्याला घराजवळच एका बंद गोदामाची लांब भिंत होती. तिच्यावरचा मजकूर ते वहीत उतरवून आणत आणि मला वाचून दाखवत. 'सुमन मॅट्रिक पास.' 'आजी बिमार आहे, बँड इकडून नेऊ नका.' 'नळ तीन दिवस कोरडा. ज्याच्या घरी पाणी त्यानं हसू नये.'

मला हसू येई. मग मी विचारी, "कोणत्या दिवशी लिहिलेलं? भिंतीच्या कोणत्या टोकाला?" वहीत नुसता मजकूर असे. मी त्यांना रकाने आखून दिले: क्रमांक, जागा, दिवस, कशाने लिहिलं, मजकूर. फोटोही काढून ठेवा म्हटलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "काहून घाई करता ताई? भिंत का पळून चालली?"

मार्गदर्शक सर कडक होते, अन्यायी नव्हते. अर्जावर सही करण्याआधी त्यांनी सांगितलं, "मी स्वतः भिंत पाहीन. वहीतलं भिंतीशी जुळलं तर सही." मुदतीला चार दिवस उरले होते. रामटेक्यांनी आनंदाने वस्तीत सांगून टाकलं, "साहेब आपली भिंत पाहाले येऊन राहिले."

मीही फाईल घेऊन सोबत गेले. गोदामाच्या कोपऱ्यावर वळलो आणि तिघंही थांबलो. सगळी भिंत पांढरीशुभ्र. पायथ्याशी रांगोळी, बाजूला खुर्ची, खुर्चीवर धुतलेली चादर. रामटेक्यांची मावशी चुन्याचे हात पदराला पुसत पुढे आली. "पहाटपासून चुना मारून राहिलो गा सुखदेव! पोट्ट्याइनं किती घाण लिवून ठेवली होती. साहेबाले तशी भिंत दाखवाची का?"

सर खुर्चीवर बसले, दिलेला चहा प्याले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "रामटेके, तुम्ही खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण जागा नाही, दिवस नाही, आता भिंतही नाही. तुम्ही अजून तयार नाही." सही झाली नाही. मुदत टळली.

"मावशीला काही बोलला नाहीत?" मी चिडून विचारलं.

"काय बोलू ताई? माझ्या इज्जतीसाठीच केलं नं तिनं. मी म्हटलं, चांगला मारला वं मावशे चुना."

त्यानंतर ते वडिलांच्या गिरणीत लागले. पुढच्या वर्षी मी अर्जाची मुदत कळवली, पुन्हा रकाने आखून पाठवले. ते आले नाहीत. एकदा इतवारी बाजाराच्या गर्दीत भेटले. "पुढच्या साली पाहू," एवढंच बोलून नजर चुकवून निघून गेले. काविळीने गेले तेव्हा चाळिशीचेही नव्हते.

मावशीने त्यांच्या नऊ वह्या ग्रंथालयात आणून दिल्या. "कोन्या शिकणाऱ्याच्या कामी येतील," म्हणाली. मी एकेक पान तपासलं. संशोधनाला त्यांचा उपयोग नव्हता; तिला मी तसं सांगितलं नाही. शेवटच्या वहीत एकाच पानावर माझे रकाने आखलेले होते. क्रमांक: एक. जागा: गोदामाची भिंत, फाटकापासून डावीकडे बारा पावलं. दिवस: सर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. कशाने: कोळशाने, फार जोर लावून. मजकूर: 'साहेब आले. चहा पिऊन गेले. नळाचं काय?'

एकही रकाना रिकामा नव्हता. नऊच्या नऊ वह्या अशा भरल्या असत्या, तर सरांनी भिंत न पाहता सही केली असती.