संडासाचा पास आणि लाल देशातले साहेब

आमच्या लाइनवर बायकांसाठी संडासाचा एकच पास होता. पुठ्ठ्याचा, सुतळीत ओवलेला. जायचं तर तो गळ्यात घालायचा, आल्यावर सुपरवायझरच्या टेबलाशेजारी खिळ्याला अडकवायचा. इतक्या जणींच्या हातातून फिरून तो असा मेणचट झाला होता की गळ्यात घालताना शिसारी यायची. आणि खिळ्यावर नसेल तर बसा दाबून! चाकणच्या त्या कंपनीत आम्ही गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचो. एक जण उठली की बेल्ट थांबायचा, म्हणून हा पास. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. एकदा एक मुलगी जागेवरच ओली झाली आणि सुपरवायझर फिदीफिदी हसला. थू त्याच्या तोंडावर! त्याच दिवशी आम्ही बायकांनी ठरवलं, युनियन करायची, गेटवर बोर्ड लावायचा आणि पहिली मागणी एकच, हा पास बंद.

दापोडीला घरी आल्यावर मी वडिलांना सांगितलं. ते जुने लाल बावट्याचे. आमची सगळी भावकी निळ्या झेंड्याखाली, हे एकटेच लाल. पिंपरीतली त्यांची कंपनी संपात बंद पडली, आता तिथं टॉवर उभे आहेत, पण गड्याचा ताठा गेला नाही. लहानपणी चीनमधून येणाऱ्या गुळगुळीत मासिकांची कव्हरं ते आमच्या वह्यांना घालायचे. त्यावर लाल गालांच्या कामगार बाया मशीनपुढे हसत उभ्या असायच्या. "तिकडं कामगारांचं राज्य आहे," असं ते आम्हाला शाळेच्या धड्यासारखं ऐकवायचे.

आमच्या कंपनीचे साहेब चिनी आहेत म्हटल्यावर ते खाटेवर उठूनच बसले. "अगं, मग भांडताय कशाला? तो तर आपला माणूस! बोर्डाचा नारळ त्याच्याच हातनं फोडा."

आणि मी, कपाळ माझं, ते ऐकलं. आम्ही चौघी आमंत्रण द्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

माणूस वाईट नव्हता, हेच तर जास्त झोंबतं. उठून उभे राहिले, खुर्च्या दिल्या, चहा मागवला. एक दुभाषी पोरगी त्यांचं बोलणं हिंदीत सांगत होती. युनियन म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, आमच्याकडे कारखान्यात युनियन असतेच. मागच्या कारखान्यात मी मॅनेजर होतो आणि युनियनचा प्रमुखही मीच होतो. कधी भांडण म्हणून झालं नाही. आता भांडणार कोण, आरशाशी? डोंबलाचं कामगारांचं राज्य!

तरी मी धीर करून पासाचं काढलं. लाजेनं कानशिलं तापली होती, पण ओल्या झालेल्या मुलीसकट सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मोबाइल काढून त्यांनी आपल्या आईचा फोटो दाखवला. बारीकशी, पांढऱ्या केसांची म्हातारी, उंच इमारतीच्या गॅलरीत उभी. ती खेड्यातली, मातीच्या घरातली. शहरात येऊन अशाच बेल्टवर बसली, म्हणून मुलगा शिकला. तिच्यासारख्या बाया बसल्या, म्हणून देश मोठा झाला.

"उनको पास कभी लगा ही नहीं," दुभाषी पोरगी खाली बघत म्हणाली. "वो शिफ्ट में पानी ही नहीं पीती थी।"

साहेबांचे डोळे भरून आले होते. आईचं कौतुक मला कळतं हो. पण कुणाच्या तरी आईनं घसा कोरडा ठेवून देश वर काढला, म्हणून आता आम्हीही तसंच करायचं? चहा तसाच ठेवून मी उठले.

पंधरवड्यात बोर्ड लागला. गेटवर नाही, कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या खर्चानं. 'कामगार कल्याण समिती', अध्यक्ष आमचा एचआरवाला. नारळ साहेबांनीच फोडला. पेढे वाटले, फोटो झाले, मुकाट्यानं टाळ्याही वाजवल्या आम्ही. लाइनवर परत आले तर खिळ्याला नवा पास लटकत होता. प्लॅस्टिकचा, पुसता येणारा.

त्या संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. केबिन, ती आई, तो बोर्ड. मला वाटलं, म्हातारा आता भडकणार, शिव्या घालणार, उद्या गेटवर येतो म्हणणार. त्यांनी तर पंच्यानं डोळे टिपले.

"थोर बाई," म्हणाले. "असल्या बायांनीच क्रांती तारली." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत, अगदी मायेनं, "पोरी, तूही सकाळी जरा कमीच पाणी पीत जा."

सुपरवायझरची किळस आली होती, साहेबांची आली होती. पण सख्ख्या बापाचा हात डोक्यावरून झटकून टाकावासा वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी तो झटकला.

सकाळी फर्स्ट शिफ्टला निघताना त्यांच्या पुढ्यात उभी राहिले आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला. लाइनवर तासाभरातच लागली. पास खिळ्यावर होता, तो तसाच राहू दिला आणि उठले. बेल्ट थांबला.

"ए, पास कुठाय?" सुपरवायझर ओरडला.

"मुतायला चाललेय," मी सगळ्या लाइनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.