पोवळ्यांची कलमं

माझं माहेर मनमाडचं. वडील रेल्वेत होते. आमच्याकडे नळाला पाणी यायचं त्या दिवशी घरातला कोणीही कुठे जायचा नाही. बादल्या, पातेली, डबे, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. तांदूळ धुतलेलं पाणीही फेकलं तर आई बोलायची. लग्न होऊन मखमलाबादला आले आणि विहिरीवरची मोटर सुरू झाल्यावर मनगटाएवढी धार हौदात पडताना पाहिली, तेव्हा मी उगाचच तिथे उभी राहिले होते.

सासरी फुलशेती होती, गुलाब आणि झेंडू. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. नवरा शेतात कधी रमला नाही. अंबडच्या एका कारखान्यात ते ग्राइंडिंगच्या मशीनवर होते. केसापेक्षाही बारीक मापाचं काम. त्यांच्या हाताखालून गेलेला जॉब, म्हणजे घासून दिलेला भाग, परत येत नाही, असं त्यांचे सोबती सांगायचे. आप्पांना त्याचं कौतुक नव्हतं. एकुलता एक मुलगा लोखंड घासायला जातो, एवढंच ते म्हणायचे. बापलेकात बोलणं फार नव्हतं.

एकदा ते कंपनीच्या कामाने मुंबईला गेले आणि परत आल्यावर जेवताना मध्येच थांबले.

"एका दुकानात काचेच्या टाकीत दगडावर फुलं होती. पाण्यात डोलत होती. पण ती फुलं नाहीत, जनावरं आहेत. पोवळी."

"अंगठीत घालतात ती?"

"त्याच गोतातली. पण जिवंत. आणि एकाची दहा करता येतात म्हणे."

त्यानंतर मागच्या खोलीतली खताची पोती बाहेर आली. दगडी पोवळी समुद्रातून काढायला आणि बाळगायला कायद्याने बंदी आहे, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. दुकानात मिळतात ती मऊ जातीचीच आणायची, असं ठरवलं. जाड काचा कापून आणल्या, सिलिकॉनने जोडल्या. वरच्या टाकीचं पाणी पाइपमधून खालच्या टाकीत गाळायला यायचं आणि छोटा पंप ते परत वर चढवायचा. दगड विकत आणण्याऐवजी त्यांनी घरीच केले. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणि सिमेंट कालवून गोळे थापले आणि हौदात बुडवून ठेवले. सिमेंटचा दाह उतरेपर्यंत ते पाणी पुनःपुन्हा बदलावं लागायचं. मग मुंबईहून समुद्री मीठ आलं आणि एक दिवस आमच्या घरात समुद्राचं पाणी तयार झालं.

त्यातलं थोडं पाणी दर आठवड्याला काढून टाकायचं आणि नवं भरायचं. मनमाडची मी, माझ्या हातून ती बादली ओतवायची नाही. पहिल्यांदा मी ते झेंडूच्या वाफ्यात नेऊन टाकलं. वाफ्याचा तो कोपरा करपून गेला.

"पोरी, मिठाचं पाणी हाय ते," आप्पा म्हणाले. "जमीन मारून टाकशील. रस्त्याच्या गटारीत ओत."

पुढच्या खेपेला मुंबईहून पिशवीत बांधून पोवळी आली. एक जात कुत्र्याच्या छत्रीसारखी चपटी, निळसर. दुसरी बटणांसारखी, मधे हिरवा ठिपका असलेली, एका दगडावर दाटीने चिकटलेली. काही दिवस ती मिटूनच होती. एका सकाळी उघडली. नवरा कामावर जायला निघालेला, डबा हातात, तसाच स्टुलावर बसून राहिला. बस चुकली.

छत्रीसारख्या पोवळ्याचे तुकडे त्यांनी ब्लेडने केले तेव्हा मला बघवलं नाही. शिंपल्याच्या कपच्यांवर तुकडे ठेवले आणि वाहून जाऊ नयेत म्हणून वर मच्छरदाणीचं कापड बांधलं. तुकड्यांनी धरलं. प्रत्येकाची कड वळली, मधे तोंड आलं. त्या दिवशी आप्पा पहिल्यांदा त्या खोलीत आले, वाकून बघत राहिले.

"ही तर कलमं झाली."

"हो आप्पा."

"मग एवढी दाट कशाला लावली? फांकायला जागा ठेव की."

बाप आणि मुलगा त्या संध्याकाळी टाकीसमोर किती तरी वेळ बोलत होते. मी चहा दोनदा केला. त्या घरातली माझी ती सगळ्यात चांगली संध्याकाळ असावी. तशा फार आल्या नाहीत.

बटणं वाढत वाढत शेजारच्यांवर चढायला लागली, म्हणून एका रविवारी दुपारी नवऱ्याने त्यांचा दगड बाहेर काढला. छिन्नीने एक झुबका सुटा करत होते. मी ओसरीवर मेथी निवडत होते. एकदम ओरडणं ऐकू आलं. आत गेले तर ते उजवा डोळा दाबून जमिनीवर बसलेले. झुबक्यातून चीक उडाला होता. डोळ्यावर तांब्यानं पाणी मारलं, मग हौदावर नेऊन मारलं. आग थांबेना. संध्याकाळपर्यंत पापणी टम्म सुजली आणि बुबुळावर धुकं धरल्यासारखं झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?"

"पोवळ्याने," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि असं काही आपण पाहिलेलं नाही, हे कबूल केलं. थेंब दिले, पट्टी बांधली, दिवसाआड बोलावलं. आग कमी होईना तेव्हा त्यांनीच मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, या बटणांच्या काही जातींत जहर असतं, फार वाईट जहर. जीव वाचला हेच पुष्कळ. बुबुळावर व्रण पडला होता आणि तो पुसला जाणार नव्हता.

परत येताना गाडीत इगतपुरी मागे पडल्यावर ते म्हणाले, "मला कोणी सांगितलं नव्हतं."

एका डोळ्याने ग्राइंडिंग होत नाही. खोलीचा अंदाज येत नाही, मापाच्या रेघा दिसत नाहीत. कंपनीने काढलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. हातमोजे आणि तेलाचे डबे द्यायचे. ते रोज वेळेवर जायचे, वेळेवर यायचे. जॉबबद्दल बोलणं बंद झालं.

टाकीच्या खोलीतही ते जाईनात. दुखऱ्या डोळ्याला टाकीवरच्या दिव्यांचा पांढरानिळा उजेड सोसायचा नाही. एके दिवशी आप्पा पहार घेऊन निघाले.

"फोडून टाकतो. माझ्या पोराचा डोळा खाल्ला तिनं."

मी दारात आडवी झाले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आत जिवंत काहीतरी होतं आणि त्याला पाणी घालणं माझ्या हातात होतं, एवढंच. आप्पांनी पहार तिथेच टाकली आणि शेतात निघून गेले.

मग मी शिकले. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर नवऱ्याचा कारखान्यातला चष्मा. खारेपणा मोजायचा, मीठ कालवायचं, काच पुसायची. ते बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. तिथूनच विचारायचे.

"उघडलीत?"

"उघडलीत. निळ्याला बाजूला एक पिल्लू आलंय."

"किती मोठं?"

"तुरीच्या दाण्याएवढं."

आमचा संसार त्या काळात एवढ्याच बोलण्यावर चालला होता.

पुढचा उन्हाळा भारनियमनाचा. दिवसाचे तासन्‌तास वीज नसायची. बॅटरीवर छोटा पंप चालायचा, पण पाण्यावर वारा घालणारा पंखा तिच्यावर फार वेळ टिकायचा नाही. पाणी तापायला लागलं. मी फ्रीजमध्ये बाटल्या गोठवायला ठेवायचे आणि वीज गेली की फ्रीजही बंद. छत्र्या आकसल्या. मी रडकुंडीला आलेली आप्पांनी पाहिली. ते मोटारसायकल काढून गेले आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी येईपर्यंत पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं आणि खोलीत कुजका वास भरला होता.

त्या वासाने नवरा उठून आत आला. काळा चष्मा लावलेला. कितीतरी महिन्यांनी आला होता. त्यांनी पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"आंघोळीचं पाणी झालंय हे. काही राहिलं?"

"बटणांमधली थोडी आहेत. मिटलेली, पण आहेत."

त्यांनी हात बाहेर काढून पुसला. मग म्हणाले, "तू हात लावू नकोस. मोजे दे इकडे." जहर मरावं म्हणून ब्लीचिंगच्या पाण्यात त्यांनी बटणांचा तो दगड स्वतः बुडवला. तो पुरायला आप्पांनी खड्डा खणला, बांधाच्या पलीकडे, जिथे काही पेरत नव्हते. टाकीतलं पाणी आम्ही तिघांनी बादल्यांनी गटारीत नेऊन ओतलं. त्या दिवशी मला पाण्याचं काही वाटलं नाही.

आप्पा दोन पावसाळ्यांनंतर गेले. नवऱ्याचं बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, पण शरीराने ते बुबुळ स्वीकारलं नाही. मखमलाबादेत जमिनींवर इमारती चढायला लागल्या, गुलाब कमी होत गेले. यांनी पुन्हा कशाचा नाद धरला नाही.

एकदाच आम्ही कोकणात गेलो, माझ्या भाचीच्या लग्नाला. लग्न आटोपल्यावर समुद्र जवळच आहे म्हणून चालत गेलो. दुपारचं ऊन पाण्यावर इतकं चकाकत होतं की काळ्या चष्म्यातूनही त्यांना ते सोसेना. ते वाळूत समुद्राकडे पाठ करून बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, समोरच्या सुरूच्या झाडांकडे बघत. मी शेजारी बसले. लाटांचा आवाज मागून येत होता. थोड्या वेळाने त्यांनी पँटची वाळू झटकली.

"चल," म्हणाले, "गाडीची वेळ झाली."